बंडखोराची खरी चांदी : कॅरॉसियसच्या दिनारियसचं प्रकरण

इ.स. 286 च्या सुमारास रोमन साम्राज्याच्या वायव्य टोकाला एका आरमारी अधिकाऱ्याने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं आणि ब्रिटन ताब्यात घेतलं. तिसऱ्या शतकात असे स्वयंघोषित सम्राट उदंड झाले. बहुतेक जण वर्ष-दोन वर्षांत आपल्याच सैनिकांच्या हातून मेले. मार्कस ऑरेलियस मॉसेयस कॅरॉसियस मात्र सात वर्षं टिकला. या काळात त्याने जे केलं ते साम्राज्याच्या अधिकृत सम्राटांनाही तोवर साधलेलं नव्हतं: त्याने खऱ्या चांदीचं जुनं रोमन नाणं, दिनारियस, पुन्हा चालू केलं.

रोमन नाणी हा विषय अफाट आहे. सम्राटाचा चेहरा एका बाजूला, देवी दुसऱ्या बाजूला, अशी हजारो प्रकारची नाणी आहेत, आणि त्यांच्या याद्या वाचताना डोळे दमतात. पण राजकीय दावा, धातूचा कस आणि देवीची प्रतिमा या तिन्ही गोष्टी एकाच नाण्यात इतक्या विचारपूर्वक गुंफल्याचं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. म्हणून हे एकच प्रकरण तपशिलाने मांडतो आहे.

माणूस कोण होता

कॅरॉसियस मेनापी जमातीचा, म्हणजे आजच्या बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या किनारपट्टीकडचा. घराणं सामान्य. तरुणपणी जहाजाच्या सुकाणूवर काम करत असे, असं इतिहासकार ऑरेलियस व्हिक्टर सांगतो. गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, बागाउदी म्हणवणाऱ्या ग्रामीण बंडखोरांचा उठाव मोडून काढताना तो सम्राट मॅक्सिमियनच्या नजरेत भरला, आणि फ्रँक व सॅक्सन चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी बुलोनच्या किनाऱ्यावर आरमार सज्ज करायचं काम त्याच्याकडे आलं. मग तक्रारी सुरू झाल्या. हा चाच्यांना आधी किनारा लुटू देतो, लूट भरून परत निघाले की गाठतो, आणि जप्त केलेला माल ना लोकांना परत देतो ना सम्राटाकडे पाठवतो. मॅक्सिमियनने त्याला ठार मारायचा हुकूम काढला. त्याची कुणकुण लागताच कॅरॉसियसने सम्राटपदाची जांभळी वस्त्रं अंगावर चढवली आणि आरमारासकट इंग्लिश खाडीपलीकडे ब्रिटन गाठलं.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी. वरची सगळी हकिगत विरुद्ध बाजूने लिहिलेली आहे. मॅक्सिमियन आणि पुढे त्याचा कनिष्ठ सहसम्राट कॉन्स्टँटियस यांच्यासमोर झालेल्या दरबारी स्तुतिभाषणांत तर कॅरॉसियसचं नावही घेतलेलं नाही; तो नुसता 'चाचा' आहे. त्याच्या बाजूने लिहिणारा एकही इतिहासकार उरलेला नाही. उरलाय तो उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइलजवळ 1894 मध्ये सापडलेला एक मैलाचा दगड, ज्यामुळे त्याचं पूर्ण नाव कळलं. पुढे कॉन्स्टँटियसचा मुलगा कॉन्स्टंटाइन याच्या काळात तोच दगड उलटा करून दुसऱ्या टोकावर नवं नाव कोरलं गेलं. जुनं टोक जमिनीत गाडलं गेलं म्हणूनच ती अक्षरं शाबूत राहिली. हा दगड सोडला तर कॅरॉसियसने स्वतःबद्दल काय म्हटलं, हे ऐकायचं तर त्याच्या नाण्यांकडेच जावं लागतं.

पेच

त्याच्यासमोरची अडचण सरळ होती. बेट हातात आहे, आरमार हातात आहे, पण आपण कायदेशीर सम्राट नाही. सैन्य कुणासाठी लढेल? इ.स. 297 च्या सुमारास कॉन्स्टँटियसपुढे झालेल्या स्तुतिभाषणात कॅरॉसियसने कोणाकोणाला गोळा केलं याची यादी आहे: आधीचं आरमार, नव्याने बांधलेली जहाजं, फितवलेली एक रोमन पलटण, परक्या सैनिकांच्या काही तुकड्या, जबरदस्तीने भरती केलेले गॉलमधले व्यापारी, आणि लुटीच्या आशेने आलेले रानटी टोळीवाले. शत्रूने केलेलं वर्णन म्हणून त्यातलं थोडं वजा केलं, तरी एवढं नक्की की ही माणसं एका झेंड्याखाली जन्मलेली नव्हती. त्यांना धरून ठेवायला पगार हवा, आणि पगार ज्या नाण्यात द्यायचा त्या नाण्यावर विश्वास हवा.

विश्वास तर कधीचाच गेला होता. ऑगस्टसच्या काळी दिनारियस म्हणजे जवळपास शुद्ध चांदी, वजन पावणेचार-चार ग्रॅमच्या आसपास. इ.स. 64 मध्ये नीरोने वजन आणि कस दोन्ही उतरवले. सेप्टिमियस सेवेरसच्या काळात चांदी निम्म्याच्या आसपास आली. त्याचा मुलगा कॅराकाला याने 215 मध्ये नवं मोठं नाणं काढलं, ज्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असतो, आणि किंमत बहुधा दोन दिनारियसची ठरवलेली होती; चांदी मात्र दोन दिनारियसइतकी कधीच नव्हती. साहजिकच लोकांनी चांगली नाणी दडवली आणि हिणकस नाणी खर्चली. तिसऱ्या गॉर्डियननंतर चांदीचा दिनारियस जवळजवळ दिसेनासाच झाला. इ.स. 268 ते 270 मध्ये दुसऱ्या क्लॉडियसच्या नाण्यांत चांदी दोन-तीन टक्क्यांवर होती. टांकसाळीतून निघताना वर पातळसा रुपेरी थर, चार हातांतून फिरलं की खाली तांबं. ऑरेलियनने 274 मध्ये थोडी सावरासावर केली, पण चांदी वीस भाग तांब्याला एक भाग या प्रमाणापलीकडे गेली नाही.

म्हणजे 286 मधल्या तिशीतल्या सैनिकाने चांदीचं खणखणीत नाणं पगारात कधी पाहिलेलंच नव्हतं. असलंच तर आजोबांनी पुरून ठेवलेलं.

टांकसाळीत काय घडलं

कॅरॉसियसची सुरुवातीची नाणी फार ओबडधोबड आहेत. कारागीर मिळेल तो, चकत्याही मिळतील त्या. काही नाणी तर गॉलच्या आधीच्या बंडखोर सम्राटांच्या, व्हिक्टोरिनस आणि टेट्रिकसच्या, जुन्या नाण्यांवरच पुन्हा ठसा मारून बनवली आहेत. अशा नाण्यावर कॅरॉसियसच्या गालाखालून जुन्या मुकुटाचे टोकदार किरण वर आलेले दिसतात, आणि दोन लेखांची अक्षरं एकमेकांत अडकलेली असतात.

अशा घाईगर्दीच्या काळातच चांदीचं नाणं निघतं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हातात साधनं नसताना, रोजच्या खर्चाची नाणी जुन्यावर ठोकून काढत असताना, या माणसाने जवळपास शुद्ध चांदी वेगळी काढली आणि जुना दिनारियस पुन्हा पाडला.

त्यातलं प्रसिद्ध नाणं जवळून पाहू. दर्शनी बाजूला कॅरॉसियस, उजवीकडे पाहणारा. जाड मान, भरलेला जबडा, दाट दाढी. मॅक्सिमियनचा ज्येष्ठ सहसम्राट डायोक्लेशियन याच्या नाण्यांवरच्या ठोकळेबाज चेहऱ्यांशेजारी हा कुणी विशिष्ट माणूस आहे हे लगेच कळतं. डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट नाही. लॉरेलच्या पानांची माळ आहे, जशी जुन्या दिनारियसवर असायची. हे मुद्दाम केलेलं आहे. किरणांचा मुकुट म्हणजे हिणकस नाणं, हे तोवर प्रत्येकाला पाठ झालं होतं. लॉरेलची माळ पाहणाऱ्याला सांगत होती की हे ते नाणं नव्हे.

पाठच्या बाजूला दोन व्यक्ती समोरासमोर उभ्या. डावीकडे स्त्री, हातात उंच दंड. उजवीकडे सम्राट, त्याच्याही हातात राजदंड. दोघांनी एकमेकांचे उजवे हात हातात घेतलेत. भोवती लेख: 'एक्स्पेक्टाते वेनी', म्हणजे 'ज्याची वाट पाहत होते तो तू, ये'. बहुतेक अभ्यासक या स्त्रीला ब्रिटानिया मानतात, बेटाची देवता. हेड्रियनने इ.स. 119 च्या सुमारास आणि नंतर अँटोनिनस पायसने तिला नाण्यांवर आणलं होतं, पण तिथे ती बसलेली आहे, जिंकलेल्या किंवा राखलेल्या प्रांताचं प्रतीक म्हणून. इथे ती उभी आहे आणि बोलते आहे. सम्राटाने प्रांत घेतला असं नाणं म्हणत नाही, प्रांताने सम्राटाला बोलावलं असं म्हणतं. बेट बळकावणाऱ्या माणसाला याहून सोयीचा दावा सुचणं कठीण होतं.

या मालिकेत आणखी चित्रं आहेत. रोम्युलस-रीमसला दूध पाजणारी लांडगीण आणि 'रोमनांचं नवीकरण' अशा अर्थाचा लेख. गाईची धार काढणारी स्त्री, सुबत्तेचं चित्र म्हणून. रोमन नाण्यांवर असं चित्र फार विरळ, आणि ब्रिटनच्या ओल्या कुरणांवरच्या लोकांना ते आपलं वाटलं असणार. सैन्यातल्या एकजुटीचे जोडलेले हात तर आलेच. तांबड्या, रोजच्या नाण्यांवर सर्वांत जास्त दिसते ती पाक्स, शांतीची देवी, हातात ऑलिव्हची डहाळी घेऊन. मोनेटाही आहे, तराजू आणि समृद्धीचं शिंग घेतलेली, खऱ्या वजनाच्या नाण्याची राखणदार. हिणकस नाण्यांवर मोनेटाचं चित्र घालणारे सम्राट आधीही पुष्कळ होऊन गेले. तिच्या तराजूला उतरेल असं नाणं निदान काही प्रमाणात कॅरॉसियसनेच काढलं.

तळाची तीन अक्षरं

चांदीच्या बऱ्याच नाण्यांवर चित्राखालच्या रेघेखाली तीन अक्षरं असतात: आर, एस, आर. या जागी सहसा टांकसाळीची खूण असते. पण अशा नावाचं शहर सापडेना. मग अर्थ लावला गेला की ही कोषाधिकाऱ्याच्या पदनामाची आद्याक्षरं असावीत. पुढे कॅरॉसियसला मारणारा अलेक्टस हाच त्याचा खजिना सांभाळत होता, त्याच्याशी हे जुळतही होतं. हा अर्थ बराच काळ चालला.

1990 च्या दशकाअखेरीस इतिहासकार गाय डी ला बेदोयेर यांनी दुसरी जुळणी मांडली. 'एक्स्पेक्टाते वेनी' हा लेख रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या, एनियस स्वप्नात हेक्टरला हाक मारतो त्या ओळीची आठवण करून देतो, हे आधीपासून माहीत होतं. मग आर-एस-आर म्हणजे व्हर्जिलच्याच चौथ्या गोपगीतातले तीन शब्द का नसावेत? 'रेदेउंत सातुर्निया रेग्ना', म्हणजे सॅटर्नचं सुवर्णयुग परत येतंय. नुसती तीन अक्षरं जुळली तर तो योगायोग असू शकतो. पण ब्रिटिश म्युझियममधल्या कॅरॉसियसच्या एका पदकावर सहा अक्षरं आहेत: आय, एन, पी, सी, डी, ए. त्यांचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. त्याच कवितेतली लगेच पुढची ओळ घ्या: 'याम नोवा प्रोगेनिएस कायलो देमित्तितुर आल्तो', आता उंच स्वर्गातून नवी पिढी खाली पाठवली जात आहे. सहा शब्द, सहा आद्याक्षरं, त्याच क्रमाने ('याम' लॅटिनमध्ये आय या अक्षराने सुरू होतो). लागोपाठच्या दोन ओळींतून नऊ अक्षरं अशी जुळत असतील, तर माझ्या दृष्टीने शंकेला जागा उरत नाही. शिवाय सुवर्णयुगाचे शब्द सोन्याचांदीच्या कसाशी जोडणं अगदी मोक्याचं आहे: काळ हिणकस झाला होता, तो पुन्हा कसाचा झाला, आणि पुरावा म्हणून नाणं तुमच्या हातात.

यावर एक रास्त प्रश्न येतो. साध्या सैनिकाला हे कळलं असेल? ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवरच्या विंडोलांडा छावणीत इ.स. 100 च्या आसपासची लाकडी पाटी सापडली आहे, तिच्यावर व्हर्जिलची एक ओळ गिरवलेली आहे. सॉमरसेटमधल्या लो हॅमच्या रोमन वाड्याच्या फरशीवर चौथ्या शतकात त्याच महाकाव्यातली एनियस आणि डायडोची सगळी गोष्ट रंगीत तुकड्यांत मांडलेली आहे. म्हणजे व्हर्जिल तिथे शिकवला जात होता आणि पैसेवाल्या घरांत मिरवला जात होता. शाळेत पाठ झालेल्या कवितेचे पहिले दोन शब्द ऐकले की आपण पुढची ओळ आपोआप म्हणतो, तसं अधिकाऱ्यांचं आणि जमीनदारांचं झालं असणार. सैनिकाला ते कळायची गरजच नव्हती. त्याला चांदी कळत होती. एकाच नाण्यात दोन वेगवेगळ्या श्रोत्यांची सोय केलेली आहे, आणि ही योजना आखणारा माणूस भाषणांतल्या 'चाच्या'च्या चित्रात बसत नाही.

भाऊ म्हणवून घेण्याचा प्रयत्न

288-289 मध्ये मॅक्सिमियनने आरमार बांधून घेतलं. 289 च्या भाषणात त्याचं कौतुक आहे. 291 च्या भाषणात मोहिमेचा उल्लेखच नाही. पुढे एका वक्त्याने समुद्राच्या प्रतिकूलतेवर खापर फोडलं. मोहीम फसली होती, यात शंका नाही.

यानंतर कॅरॉसियसचा सूर बदलतो. तो डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन यांच्या नावांनीही नाणी पाडू लागतो, आणि एका नाण्यावर तिघांचे चेहरे एकामागे एक दाखवून लिहितो: 'कॅरॉसियस आणि त्याचे बंधू'. पाठीवर पाक्स, 'तिन्ही सम्राटांची शांती' असा लेख. त्या दोघांच्या टांकसाळींतून मात्र कॅरॉसियसच्या नावाचं एकही नाणं निघालं नाही. बंधुत्वाचा दावा एकाच बाजूने होता.

त्याने पलटणींच्या नावांनीही नाणी काढली: दुसऱ्या ऑगस्टा पलटणीचा मकर, विसाव्या व्हॅलेरिया व्हिक्ट्रिक्सचा रानडुक्कर, आणि त्याच्या राज्याबाहेर ऱ्हाईन-डॅन्यूबवर असलेल्या पलटणींचीही नावं. हा मार्क अँटनीचा जुना मार्ग, अ‍ॅक्टियमच्या लढाईआधीचा. पण शुद्ध चांदी मुख्यतः सुरुवातीच्या काळातली. राज्य बसल्यावर बक्षिशीच्या चांदीची गरजही कमी झाली असावी आणि साठाही.

फ्रोमचं मडकं

2010 च्या एप्रिलमध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोम गावाजवळच्या शेतात एका हौशी धातुशोधकाला मडकं लागलं. त्याने ते स्वतः उपसून काढलं नाही, थांबून पुरातत्त्वज्ञांना कळवलं. त्याच्या या संयमाचे उपकार नाणकशास्त्रावर मोठे आहेत, कारण त्यामुळे मडकं थरांथरांनी रिकामं करता आलं. आत 52,503 नाणी होती, वजन सुमारे 160 किलो. त्यात कॅरॉसियसची साडेसातशेहून जास्त, आणि त्यांत चांदीचे दिनारियस पाच.

पन्नास हजारांत पाच. या पाचांना मडक्यात पाहिलं तेव्हा त्यांच्या शेजारी होती तांबड्या-हिरवट, बुरसटलेल्या हिणकस नाण्यांची रास, म्हणजे ज्या चलनाला उत्तर म्हणून ती काढली गेली तेच चलन. थरांमुळे आणखी एक गोष्ट कळली. कॅरॉसियसची, म्हणजे निधीतली उशिराची, बहुतेक नाणी मडक्याच्या मध्यापेक्षा खालच्या भागात होती. म्हणजे वर्षानुवर्षं थोडी थोडी भर घालत ही बचत झालेली नाही. मडकं एकदाच भरलं गेलं. शिवाय इतक्या वजनाचं मडकं भरून उचललं असतं तर फुटलंच असतं, म्हणून ते आधी खड्ड्यात ठेवून मग छोट्या भांड्यांनी भरलेलं असणार. परत काढायच्या इराद्याने कुणी असं पुरत नाही. त्यावरून हा निधी देवाला वाहिलेला असावा असं मत पुढे आलं, आणि मला ते पटतं. आज तो टाँटनच्या सॉमरसेट संग्रहालयात आहे, आणि लो हॅमची व्हर्जिलवाली फरशीही त्याच इमारतीत आहे.

शेवट आणि हिशेब

293 मध्ये कॉन्स्टँटियसने बुलोनच्या बंदराच्या तोंडाशी बांध घालून ते घेतलं. त्याच वर्षी अलेक्टसने कॅरॉसियसचा खून केला आणि तीन वर्षं स्वतः राज्य केलं. अलेक्टसच्या नाण्यांवर वल्ह्यांची युद्धनौका आहे, सोन्याची नाणीही आहेत. चांदीच्या दिनारियसची वाट त्याने धरली नाही. 296 मध्ये कॉन्स्टँटियसचा सेनानी अस्क्लेपिओडोटस याच्या सैन्याने त्याला हरवून मारलं.

कॉन्स्टँटियसने यावर सोन्याचं पदक काढलं. 1922 मध्ये फ्रान्समधल्या अरासजवळ ते सापडलं. लंडन नगरी स्त्रीरूपात वेशीपुढे गुडघे टेकून हात पसरते आहे, घोड्यावरून कॉन्स्टँटियस येतो आहे, खाली नदीत नौका आहे. लेख म्हणतो: 'शाश्वत प्रकाश परत आणणारा'. कल्पना तीच आहे, बेटाची स्त्री सम्राटाचं स्वागत करते. फरक तिच्या उभं असण्यात आणि गुडघ्यांवर असण्यात आहे. कॅरॉसियसचं चित्र कॉन्स्टँटियसच्या कारागिरांनी पाहिलं होतं की नाही हे बाजूला ठेवू. शेजारी शेजारी ठेवल्यावर कोणत्या राजवटीला बेटाच्या मर्जीची गरज होती आणि कोणाला नव्हती, ते लगेच दिसतं.

चांदीने कॅरॉसियसला काय मिळवून दिलं? मान्यता नाही. कुठल्याही कसाच्या नाण्याने डायोक्लेशियनची सही मिळणार नव्हती. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत, जेव्हा कुठलीही पलटण एका रात्रीत उलटू शकत होती, तेव्हा ती उलटली नाही. याचं सगळं श्रेय नाण्याला देता येणार नाही. आरमार आणि खाडी यांचा वाटा मोठा आहे. तरी ज्या शतकात सम्राट मुख्यतः पगारावरून मारले जात होते, तिथे कसाच्या चांदीचा वाटा मी कमी धरणार नाही.

आणि 294 च्या सुमारास डायोक्लेशियनने सगळ्या साम्राज्यासाठी नवं नाणं काढलं, अर्जेंटियस. जवळपास शुद्ध चांदी, एका रोमन पौंडात 96 नाणी, म्हणजे नीरोने ठरवलेलं वजन. दर्शनी बाजूला सम्राटाचं लॉरेल घातलेलं डोकं, जुन्या दिनारियससारखंच. कॅरॉसियसकडून उचललं असं म्हणायला पुरावा लागेल. पण ज्याला चाचा म्हटलं त्याने हे आठेक वर्षं आधी करून दाखवलं होतं, एवढं तारखाच सांगतात. अर्जेंटियसच्या पाठीवर मात्र हात पुढे करणारी देवी नाही. तटबंदीच्या दारापुढे तेव्हा मिळून राज्य करणारे चार सम्राट तिवईवर आहुती देताना उभे आहेत, आणि चौघे इतके सारखे आहेत की कोण कोणता ते ओळखता येत नाही.